यॉर्कशर डेल्समधली जुनी दगडी शेतघरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टरकडची मराठी कुटुंबं शनिवार-रविवार डेल्समध्ये काढतात आणि सोमवारी मला फोटो पाठवतात: दारावर हे काय कोरलंय, ही खिडकी का बुजवलीय, छपरावर फरश्या कशा राहतात? मी इथे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतात. पुण्या-मुंबईचे आर्किटेक्चरचे विद्यार्थी विचारतात आणि हल्ली घर विकत घ्यायला निघालेलेही. तेच तेच प्रश्न निवडून इथे एकत्र केले आहेत. उत्तरं साधारण १६४० ते १८०० या काळातल्या घरांना धरून आहेत. दुसरीकडचं घर असेल तर तसं सांगितलं आहे.

१. डेल्स म्हणजे नेमका कुठला भाग? आणि ही घरं जमीनदारांची होती का?

उत्तर इंग्लंडमध्ये पेनाइन डोंगरातून वाहणाऱ्या नद्यांची ही खोरी: व्हार्फडेल, वेन्सलीडेल, स्वेलडेल, रिबल्सडेल, डेंटडेल वगैरे. यातल्या बहुतेक भागाला १९५४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पण हे माणसांनी वसलेलं उद्यान आहे. गावं, शेतं, मेंढ्या सगळं आतच.

घरं जमीनदारांची नव्हेत. स्वतः राबणाऱ्या, थोडी गुरं, बऱ्याच मेंढ्या आणि गवताची कुरणं राखणाऱ्या मधल्या शेतकऱ्यांची. निव्वळ शेतीवर भागत नसे, म्हणून स्वेलडेलमध्ये शिशाच्या खाणीत काम, डेंटमध्ये घरोघर लोकरी मोजे विणणं, वेन्सलीडेलमध्ये चीज असे जोडधंदे होते. घराचा आराखडा समजून घ्यायचा तर हे आधी डोक्यात ठेवावं लागतं. लोकरीला कोरडी जागा हवी, दुधाला थंड आणि माणसांना ऊब. खोल्या त्या हिशेबाने पडल्या.

२. सगळी घरं एकाच सुमारास बांधल्यासारखी का वाटतात?

कारण बरीचशी खरोखरच तशी बांधली गेली. त्याआधी इथे लाकडी सांगाड्याची, गवताने किंवा हेदरच्या झुडपाने शाकारलेली घरं होती. त्यातलं फारसं उरलेलं नाही. दक्षिण इंग्लंडात सोळाव्या शतकाच्या शेवटी घरं नव्याने बांधण्याची लाट आली. डेल्समध्ये ती उशिरा पोचली, साधारण १६४० नंतर, आणि पुढची शंभर वर्षं चालली.

उशिराचं मोठं कारण जमिनीचा हक्क. उद्या मालक बाहेर काढेल अशी भीती असलेलं कूळ दगडी घरात पैसा घालत नाही. वेन्सलीडेलमधल्या मिडलॅम गावची मोठी जहागीर राजा चार्ल्स पहिला याने १६२८ मध्ये लंडन शहराकडे सोपवली आणि पुढे तिच्यातल्या जमिनी कुळांनी विकत घेतल्या. इतर खोऱ्यांतही वारसाहक्काची कुळं हळूहळू पक्की होत गेली. हक्क पक्का झाला, लोकरीचा पैसा हाती होता, तेव्हा घरं दगडात आली.

३. दारावर तीन अक्षरं आणि साल कोरलेलं असतं. ते कसं वाचायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि माझाही आवडता.

अक्षरं बहुधा त्रिकोणात असतात. वरचं एकटं अक्षर आडनावाचं. खाली डावीकडे नवऱ्याच्या नावाचं, उजवीकडे बायकोच्या. समजा वर ‘टी’, खाली ‘आय’ आणि ‘ए’ आणि साल १६८७ असेल, तर टी आडनावाच्या जोडप्याचं हे घर. यातला ‘आय’ पुष्कळदा ‘जे’ असतो, कारण त्या काळी कोरताना दोन्हींना एकच खूण वापरत. म्हणजे तो आयझॅक असेल किंवा जॉन. बायकोचं अक्षर दगडावर यावं हे त्या काळाच्या मानाने लक्षात घेण्यासारखं आहे. तिच्या माहेरचा पैसा घरात लागलेला असे, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

दाराच्या वरचा हा एकच अखंड दगड. त्यावर नक्षी करायची हौस डेल्सच्या दक्षिण भागात विशेष फोफावली: कमानी, वळसे, एकात एक गुंतलेले अर्धगोल. सेटल गावातलं १६७९ सालचं ‘द फॉली’ हे घर पाहा. ते शेतघर नव्हे, गावातलं श्रीमंत घर आहे, पण दारं-खिडक्यांवर पाथरवटाने किती हात मोकळा सोडला होता ते तिथे दिसतं. शेतकऱ्यांच्या दारांवर त्याच धर्तीचं काम लहान प्रमाणात, थोडं वाकडंतिकडं उतरलेलं असतं. मला ते जास्त भावतं.

आता सावधगिरी. साल म्हणजे घराचं वय असं धरू नका. दगड जुन्या घरातून काढून नव्यात बसवला असेल, लग्नाचं साल असेल, नुसती ओसरी बांधल्याचं असेल किंवा जुन्या घराला नवं दार बसवल्याचं असेल. घराचं वय ठरवताना मी आधी भिंतीतले जोड, खिडक्यांची घडण आणि छपराची लाकडं पाहतो. सालाकडे त्यानंतर वळतो.

४. एवढा दगड आणत कुठून?

शक्यतो डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरावरून. ओहोळातून, शेत साफ करताना निघालेल्या ढिगातून, गावच्या लहान खाणीतून. बैलगाडीने किंवा घोड्याने दगड वाहणं हाच सगळ्यात मोठा खर्च होता. लोक इथल्या घरांबद्दल ‘निसर्गाशी एकरूप’ वगैरे म्हणतात, त्याच्या मुळाशी वाहतुकीचे वाचवलेले पैसे आहेत.

म्हणून दगड पाहून खोरं ओळखता येतं. मालमच्या बाजूला पांढुरका-राखाडी चुनखडीचा दगड. तो घडवायला चिवट, म्हणून भिंती अनघड दगडांच्या. त्याला सरळ कडा काढणं कठीण, म्हणून कोपरे, चौकटी आणि खिडक्यांच्या दांड्या तपकिरी वाळूच्या दगडात किंवा ग्रिटस्टोनमध्ये (भरड, कठीण वाळूचा दगड) केलेल्या दिसतील. एकाच भिंतीत दोन रंग दिसतात ते त्यामुळे. वेन्सलीडेल आणि स्वेलडेलमध्ये चुनखडी, वाळूचा दगड आणि शेल (चिखलापासून बनलेला ठिसूळ दगड) यांचे थर एकावर एक आहेत, तिथे वाळूचा दगड सहज मिळतो आणि भिंतींचे थर अधिक सरळ येतात. याच थरांच्या सांध्यावर झरे फुटतात आणि जुनी शेतघरं पुष्कळदा त्या झऱ्यांच्या रेषेवर बसलेली असतात.

५. भिंत दोन फूट जाड असते. आतपर्यंत सगळा दगडच का?

नाही, आणि हे न समजल्याने दुरुस्त्या बिघडतात.

भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. बाहेरची आणि आतली अंगं एकाच वेळी वर चढवत नेतात. दोन्हींत मोठे दगड, तोंड बाहेर आणि शेपटी आत. मधल्या पोकळीत बारीक दगड, चिपा आणि चुना-माती यांचा भराव. पुष्कळ साध्या घरांत मसाला म्हणजे नुसती मातीच, चुना फक्त बाहेरच्या दरजांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत. सगळं मिळून जाडी ६० ते ७५ सेंटिमीटर भरते.

दोन अंगं एकमेकांना धरून राहावीत म्हणून ठरावीक उंचीवर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड टाकतात. माणसांच्या घरात त्यांची टोकं भिंतीबरोबर छाटलेली असतात. गोठ्याच्या भिंतीत मात्र ती बाहेर डोकावत राहतात, एका ओळीत. पर्यटकांना ती नक्षी वाटते. ती नक्षी नाही. टोक छाटायला मजुरी पडते आणि गायींना त्याने काही फरक पडत नव्हता.

हे आरपार दगड कमी पडले किंवा भरावात पाणी मुरून तो खाली बसला, की दोन अंगं सुटी होतात आणि भिंतीला पोट येतं. पोट आलं म्हणून लगेच पाडायची नसते. जुनं, थांबलेलं पोट आणि वाढत चाललेलं पोट यांत फरक असतो. तो एका भेटीत कळत नाही, काही महिने मोजमाप ठेवावं लागतं.

६. छपरावर दगडी फरश्या आहेत? त्या घसरत कशा नाहीत?

हो, पातळ थरांत फुटणाऱ्या वाळूच्या दगडाच्या फरश्या. वेल्सच्या स्लेटपेक्षा कितीतरी जाड आणि जड. प्रत्येक फरशीच्या वरच्या टोकाला एक भोक. त्यात ओकची खुंटी ठोकायची आणि ती खुंटी आतल्या पट्टीवर अडकवायची. फरशी लटकलेली असते आणि तिच्या डोक्यावर वरच्या दोन थरांचं वजन असतं. आतून फटींमध्ये केस घातलेला चुना लिंपत. त्याहून साध्या घरांत शेवाळ कोंबत.

जवळून पाहिलंत तर खालच्या वळचणीला प्रचंड फरश्या, काही मीटरभर रुंद, आणि आढ्याकडे जावं तशा त्या लहान होत गेलेल्या दिसतात. खाणीतून निघतात त्या सगळ्या वेगवेगळ्या मापाच्या. एकही वाया घालवायची नाही, म्हणून लांबीप्रमाणे लावून घ्यायच्या आणि मोठ्यापासून लहानापर्यंत चढवत न्यायच्या. भक्कम फरश्या खाली, भिंतीच्या माथ्याजवळ येतात आणि पाण्याचा लोंढा जिथे मोठा तिथे सांधे कमी राहतात.

एका चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास वजन पडतं. त्यामुळे उतार बेताचा ठेवतात, ३० अंशांच्या अलीकडे-पलीकडे. फार उभं केलं तर खुंट्यांवर ताण येतो, फार सपाट केलं तर पाणी आत शिरतं. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर दगडी कडा असते आणि तिच्या पायाशी घडीव ठोकळा. फरश्यांखाली शिरणाऱ्या वाऱ्याला ही कडा अडवते.

७. आढं मधेच वाकलेलं दिसतं. धोका आहे का?

बहुधा नाही. ओकची लाकडं ओलीच वापरत, ती जागेवर वाळताना आणि वजनाखाली वाकताना आपला आकार घेतात. तीनशे वर्षांपूर्वी आलेला बाक असेल तर तसाच राहू द्या. धोका दोन गोष्टींत: भिंतीत रुतलेली तुळईची टोकं कुजणं आणि छपराच्या रेट्याने भिंतीचा माथा बाहेर सरकणं. सरळ दिसावं म्हणून छप्पर उतरवून नव्या लाकडावर चढवण्याचा सल्ला कुणी दिला, तर दुसऱ्या माणसाचं मत घ्या.

८. आत खोल्या कशा असत? स्वयंपाकघर कुठलं, झोपायची खोली कुठली?

आजच्या खोल्या डोळ्यांसमोर आणू नका. मुख्य खोली ‘हाऊसबॉडी’. चूल तिथे, जेवण तिथे, काम तिथे, बसणं-उठणं तिथे. घरात शेकोटी असलेली पुष्कळदा ही एकच जागा. तिच्या शेजारी पार्लर. आज पार्लर म्हटलं की बैठकीची खोली डोळ्यांपुढे येते, पण सतराव्या शतकात तिथे घरधन्याचा पलंग असे. उत्तरेच्या बाजूला दुधाची खोली: जमिनीवर फरशी, भिंतीला दगडी फळ्या, लहान खिडकी. उत्तरेला अशासाठी की ऊन नको. बऱ्याचदा ही खोली मागच्या बाजूला पाखं लांबवून काढलेल्या उतरत्या पडवीत असते.

वरच्या मजल्यावर धान्य, लोकर, चीज आणि त्यांच्या शेजारी मुलं व गडी. हे आपल्याला कळतं कसं? माणूस गेला की शेजारीपाजारी घरभर फिरून खोलीवार मालमत्तेची यादी करत: या खोलीत एक पलंग, त्या खोलीत इतकी लोकर, चीजचा दाब. मृत्युपत्राबरोबरच्या अशा याद्या मोठ्या संख्येने टिकल्या आहेत. त्या घेऊन घरात उभं राहिलं की भिंती एकदम कामाला लागलेल्या दिसतात.

९. वाड्यासारखा चौक का नाही?

वाडा आत पाहतो, हे घर बाहेर, दक्षिणेकडे. इथे ऊन टाळायचं नसतं, मिळेल तेवढं घ्यायचं असतं. म्हणून घर एक खोली रुंद आणि लांबट, मुख्य खिडक्या दक्षिणेला, वाऱ्याकडे जवळजवळ आंधळी पाठ. मोकळी जागा लागते ती गुरांना आणि ती बाहेर अंगणात.

१०. माणसं आणि गुरं खरंच एका छपराखाली राहत?

हो, पण तीन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिला ‘लाँगहाऊस’. माणसं आणि गुरं एकाच दाराने आत येतात. मधे बोळ, वरच्या अंगाला माणसं, उताराच्या अंगाला गुरं, म्हणजे शेणमूत खालीच वाहून जातं. डेल्समध्ये याचे अवशेष ओळखावे लागतात. चांगली उदाहरणं पाहायची तर इंग्लंडच्या पार दुसऱ्या टोकाला, डेव्हनमधल्या डार्टमूरला जावं लागतं. तिथल्या हायर अपाकॉट या घरात गोठ्याचा भाग न बदलता राहिला आहे.

दुसरा ‘लेथ-हाऊस’. घर आणि गोठा-कोठार एका रांगेत, एका छपराखाली, पण दारं वेगळी आणि आतून वाट नाही. पेनाइनच्या यॉर्कशरकडच्या उतारांवर सतराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत हे बांधत राहिले. एक सामाईक भिंत वाचते आणि बर्फाच्या दिवसांत चार पावलांवर गुरं असतात.

तिसरा म्हणजे घरापासून दूर, कुरणाच्या मधोमध उभे असलेले एकटे गोठे. स्वेलडेलमध्ये म्युकरच्या आसपास उभं राहिलं की एका नजरेत कितीतरी मोजता येतात. खाली चार-सहा गायींची दावण, वर त्याच कुरणाचा कापलेला चारा. हिवाळाभर चारा तिथेच खायचा आणि शेण त्याच कुरणात पसरायचं. गवत घरी आणायचं नाही, खत परत न्यायचं नाही. फक्त माणसाने रोज बर्फातून दूध काढायला चालत जायचं. अख्ख्या डेल्समध्ये मला सगळ्यात हुशार वाटणारी इमारत हीच.

११. चुलीचा कोनाडा एखाद्या खोलीएवढा का? आणि त्याच्या बाजूला ती इवलीशी खिडकी कशाला?

सुरुवातीला दगडी धुराडं नव्हतंच. मोठ्या तुळईवर लाकडी कामट्या आणि गिलाव्याचं एक भलंमोठं नाळकं उभं करत, तेच धूर वर नेई. त्याच्याखाली माणसं बसू शकत इतकी जागा. जळण पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेले मातकट तुकडे, आणि टॅन हिलसारख्या ठिकाणचा हलका कोळसा. नंतर दगडी धुराडी आली, एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाच्या शेगड्या आल्या, आणि जुनी जागा भिंत घालून बुजवली गेली. आज दुरुस्तीत एकामागे एक अशा दोन-तीन शेगड्या सापडणं नवलाचं नाही.

नाळक्याखाली अंधार, म्हणून ती छोटी खिडकी. बाहेरून एखाद्या टोकाला एकटी, विचित्र जागी लहान खिडकी दिसली तर जुनी चूल तिथेच होती असं समजायला हरकत नाही. चुलीशेजारच्या भिंतीत लाकडी दाराचं लहान कपाटही असतं. मीठ आणि मसाले कोरडे राहावेत म्हणून. त्याच्या दारावरही कधी कधी अक्षरं आणि साल कोरलेलं सापडतं (ते कसं वाचायचं ते प्रश्न ३ मध्ये).

१२. खिडक्या रुंद आणि बुटक्या, मधे दगडी दांड्या. असं का?

मोठी काच महाग, आणि रुंद भोकावर टाकायला लांब दगड सहज मिळत नाही. मधे दगडी उभ्या दांड्या उभ्या केल्या की वरचा दगड तुकड्यांत चालतो आणि काच शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान लहान तुकड्यांची चालते. वर पाऊस बाजूला सारणारी दगडी पट्टी. दांड्यांच्या कडा कशा तासल्या आहेत यावरून सालाचा अंदाज बांधता येतो, पण खेड्यातले पाथरवट जुनी घडण पुढे अनेक वर्षं वापरत राहत, तेव्हा दहा-वीस वर्षांचा वाद घालू नये.

१३. बुजवलेल्या खिडक्या म्हणजे खिडकी-कर चुकवण्यासाठीच ना?

गाइड तसं सांगतात. काही घरांत खरंही आहे. हा कर १६९६ मध्ये आला आणि १८५१ मध्ये गेला. सुरुवातीला दहापर्यंत खिडक्यांच्या घराला सरसकट दोन शिलिंग पडत, त्यापुढे जास्त. साध्या शेतघराला दहाच्या वर खिडक्या कुठून असणार? पुढे ही मर्यादा खाली आली तेव्हा चटका वाढला.

पण खिडक्या बुजवण्याची इतर कारणं रोज सापडतात: मागे नवी खोली चढली, आत जिना फिरवला, वारा फार लागत होता. काही ‘बुजवलेल्या’ खिडक्या तर कधी उघड्या नव्हत्याच, दर्शनी भाग सारखा दिसावा म्हणून नुसता आकार काढलेला (प्रश्न १४). दूध आणि चीजच्या खोल्यांना करातून सूट होती. म्हणून त्या खिडकीवर ‘डेअरी’ किंवा ‘चीज रूम’ असं लिहून ठेवत. तशी अक्षरं दिसली तर कराचा खरा पुरावा तो.

१४. काही घरं मधे दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या अशी अगदी तोलून बांधलेली आहेत. ती वेगळी का?

अठराव्या शतकाची फॅशन. शहरातली समतोल दर्शनी भिंत खेड्यात पोचली, शिशाचा आणि लोकरीचा पैसा तिला पुरला. खाली-वर सरकणाऱ्या उंच खिडक्या आल्या, जिना मधोमध आला, दोन्ही टोकांना धुराडी गेली. मात्र मागे जाऊन पाहा. पुष्कळदा मागची भिंत सतराव्या शतकातलीच असते, दांड्यांच्या बुटक्या खिडक्यांसकट. पैसे पुढच्या भिंतीपुरतेच होते.

१५. दारं इतकी बुटकी, म्हणजे तेव्हाची माणसं ठेंगणी होती?

थोडी ठेंगणी होती, पण दार त्यामुळे बुटकं नाही. बुटक्या दारातून ऊब कमी निसटते आणि वरचा दगड लहान चालतो. शिवाय आतली जमीन नंतर फरश्या टाकून वर आलेली असते.

१६. चौकटीवर आणि चुलीच्या तुळईवर कंपासने काढल्यासारखी फुलं, जळल्याचे डाग असतात. ही जादूटोण्याची चिन्हं आहेत का?

सहा पाकळ्यांचं फूल, एकात एक गुंतलेले दोन ‘व्ही’, दिव्याच्या ज्योतीने मुद्दाम पाडलेले थेंबाच्या आकाराचे डाग. घरात वाईट शक्ती शिरू नये म्हणून दार, खिडकी आणि धुराडं या उघड्या वाटांवर अशा खुणा करत, असं अभ्यासक मानतात. लिंकनशरमधल्या वूल्सथॉर्प मॅनरमध्ये, म्हणजे आयझॅक न्यूटनच्या जन्मघरातही, त्या आहेत. तेही मुळात दगडी शेतघरच. तिथल्या चुलीजवळच्या भिंतीवर पवनचक्कीचं एक पुसट चित्र २०१७ मध्ये विशेष प्रकाशतंत्राने उजेडात आलं.

पण प्रत्येक ओरखडा जादूचा नसतो. लाकडं जोडताना सुताराने घातलेले रोमन आकडे, पाथरवटाच्या मजुरीच्या खुणा, कंपास वापरून बघणारं पोर आणि मेणबत्ती विसरलेली मोलकरीण हे सगळे त्याच लाकडावर हात फिरवून गेलेले आहेत. फोटो पाठवताना खूण घरात नेमकी कुठे आहे तेही कळवा. जागा कळल्याशिवाय मी उत्तर देत नाही.

१७. दगड उघडा ठेवावा की गिलावा करावा? मूळ रूप कुठलं?

अनघड दगडाची पुष्कळ घरं बाहेरून चुन्याच्या गिलाव्याने किंवा नुसत्या चुन्याच्या सफेदीने झाकलेली असत. उघडा दगड ‘अस्सल’ ही विसाव्या शतकातली आवड. शेजारच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये नियर सॉरी गावातलं हिल टॉप पाहा. मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिअॅट्रिक्स पॉटर यांनी १९०५ मध्ये घेतलेलं हे सतराव्या शतकातलं शेतघर बाहेरून खरबरीत गिलाव्याने झाकलेलं आहे. आतून दगड उघडा करण्याचा सोस तर मला कळतच नाही. आतली भिंत उघडी राहावी म्हणून कुणी बांधलीच नव्हती. गिलावा खरवडला की भिंत थंड होते, माती भुरभुरते, आणि वर कुणीतरी चकचकीत व्हार्निश मारतं.

१८. आम्ही घेतलेल्या घरात ओल आहे. सर्व्हेअर भिंतीत रसायन टोचायला सांगतो. करू का?

थांबा. आधी तीन गोष्टी बघा.

एक, बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा वर आली आहे का? शतकानुशतकं माती, खडी, डांबर चढत जातं. नुसतं ते उतरवून बाजूने पाण्याची वाट काढली तरी पुष्कळ घरं सुकतात. दोन, पन्हळी आणि धुराड्याच्या बगला. तीन, दरजा कशाने भरल्यात?

तिसऱ्यात बहुतेकांचं दुखणं असतं. जुन्या भिंतीत पाणी शिरणारच, पण ते दरजेतल्या मऊ चुन्यातून परत उडून जायचं. विसाव्या शतकात दरजा सिमेंटने भरल्या, वर गादीसारख्या फुगीर पट्ट्या काढल्या. सिमेंट पाणी बाहेर सोडत नाही. मग पाणी दगडातून वाट काढतं, हिवाळ्यात दगडातच गोठतं आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यांनी सुटून येतो. वर्षानुवर्षांनी दरज तशीच उभी आणि दगड आत गेलेला दिसतो, नेमका उलटा प्रकार. गंमत म्हणजे पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ मध्ये घेणारा जोसेफ अॅस्पडिन लीड्सचाच गवंडी.

प्रश्न ५ मधली भिंत आठवा: आत भराव, पोकळ्या, माती. तिच्यात रसायनाचा सलग पट्टा बसणार कसा? माझा सल्ला: सिमेंट हाताने, छिन्नीने काढा (ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात), चुन्याने दरजा भरा, आतला सिमेंटचा गिलावा उतरवून केस घातलेला चुना लावा आणि भिंतीला सुकायला एक-दोन वर्षं द्या. चुन्याचं काम थंडीत करू नका. तापमान पाच अंशांच्या खाली गेलं की तो धरत नाही आणि गोठला तर भुगा होतो. एप्रिल ते सप्टेंबर हा हंगाम धरा.

उबेसाठी आतून काही लावायचं असेल तर लाकडाच्या तंतूंचे बोर्ड किंवा भांग-चुन्याचा गिलावा, म्हणजे वाफ अडकणार नाही. फोमचे फॉइलवाले बोर्ड या भिंतीला लावू नयेत.

१९. घर ‘ग्रेड टू लिस्टेड’ आहे. म्हणजे फक्त पुढची भिंत जपायची ना?

नाही, हा गैरसमज महागात पडतो. ‘लिस्टेड’ म्हणजे जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीतलं घर आणि ग्रेड म्हणजे त्या यादीतली महत्त्वाची पायरी. संरक्षण आतबाहेर सगळ्या इमारतीला असतं, ग्रेड कुठलीही असो. जिना, दारं, फरश्या, जुना गिलावासुद्धा. आवारातल्या १ जुलै १९४८ पूर्वीच्या पूरक बांधकामांनाही बहुधा ते लागू होतं, म्हणजे गोठा, कुंपणाची भिंत, कधी शौचालयही. इंग्लंडमध्ये १७०० पूर्वीची, मूळ रूप बऱ्यापैकी टिकलेली इमारत जवळपास नक्कीच यादीत असते. यादीतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती ग्रेड टू आहेत, त्यामुळे ‘फक्त टू’ म्हणून कुणी सवलत देत नाही.

जसंच्या तसं दुरुस्त करायला सहसा परवानगी लागत नाही, रूप बदलायला लागते. आणि परवानगी घेऊन केलेल्या बदलांवरची व्हॅटची माफी १ ऑक्टोबर २०१२ पासून गेली आहे. बजेटमध्ये वीस टक्के धरा.

२०. आधीच्या मालकाने परवानगीशिवाय प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवल्या आहेत. जबाबदारी कोणाची?

गुन्हा त्याचा, खिडक्या तुमच्या. विनापरवाना बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि तो करणाऱ्याला लागतो. पण पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकाला येते आणि त्याला कालमर्यादा नाही, वीस वर्षांनीही येऊ शकते. म्हणून खरेदीआधी वकिलाला फक्त मालकीहक्क नव्हे, परवानग्यांची कागदपत्रंही तपासायला सांगा आणि यादीतलं घराचं जुनं वर्णन शेजारी ठेवून घर पाहा.

२१. कुरणातला पडीक गोठा घेऊन त्याचं घर करता येईल?

सहजासहजी नाही. इंग्लंडात इतरत्र शेतीच्या इमारतीचं घर करायला नियोजन परवानगीत जी सूट मिळते, ती राष्ट्रीय उद्यानात चालत नाही. पूर्ण अर्ज करावा लागतो. रस्ता, वीज, पाणी नसलेल्या मधल्या कुरणातल्या गोठ्याला परवानगी मिळणं अवघड. रस्त्यालगतच्या किंवा गावातल्या गोठ्याला शक्यता बरी. त्यातही वटवाघळं निघाली तर त्यांना कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे आणि दगडी फरश्यांखालच्या फटी त्यांना फार आवडतात. त्यांची पाहणी उन्हाळ्यातच होते, म्हणजे एक मोसम चुकला की वर्ष गेलं.

२२. आई-बाबा भारतातून येणार आहेत. असं एखादं घर आतून दाखवायचं तर कुठे न्यावं?

डेल्समधली बहुतेक शेतघरं राहती आहेत, आत जाता येत नाही. जवळचं उत्तम म्हणजे लेक डिस्ट्रिक्टमधल्या ट्राउटबेकचं टाउनेंड. ब्राउन नावाच्या शेतकरी कुटुंबाने ते पिढ्यान् पिढ्या, १९४० च्या दशकापर्यंत राखलं. १९४८ पासून ते नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. कोरीव लाकूडकाम, चूल, भाकरीचं कपाट सगळं जागच्या जागी. हिल टॉपला गर्दी फार, वेळ आधी ठरवून जा. दक्षिणेकडे उतरणार असाल तर ग्रँटमजवळचं वूल्सथॉर्प बरं, सफरचंदाच्या झाडामुळे बाबा खूश होतील. ही घरं हंगामाप्रमाणे उघडतात, निघण्याआधी वेळा पाहा. जिने अरुंद आणि पायऱ्या झिजलेल्या असतात. गुडघ्याचा त्रास असेल तर तळमजल्यावरच बसवा, मुख्य खोली आणि चूल तिथेच आहे.

२३. पायवाट थेट शेतकऱ्याच्या अंगणातून जाते. जाऊ का? फोटो काढू का?

पिवळ्या बाणाची खूण असेल तर ती सार्वजनिक वाट आहे, बिनधास्त जा. या वाटा मुळात एका शेतघराकडून दुसऱ्याकडे जायच्याच होत्या, म्हणून अंगणातून जातात. बाहेरून फोटो काढायला हरकत नाही, खिडकीला नाक लावू नका. कुत्रा भुंकेल, बहुधा बांधलेला असतो. फाटक जसं होतं तसं ठेवा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. आणि दारावरच्या दगडाचा फोटो समोरून, सरळ रेषेत काढा. तिरक्या फोटोतला आठ आणि सहा मला ओळखता येत नाही.